हळदीच्या खोलीतल्या फोलीच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार. सांगली, गावभाग

भाऊबीज झाली, पाहुणे गेले, मागची खोली मोकळी झाली. आजोबांच्या काळात इथे हळदीची पोती असायची. अजूनही पाऊस पडला की भिंतीतून वास येतो. भिंती मातीच्या, दोन फूट जाड. मुंबईत मी बारा वर्षं भाड्याच्या स्टुडिओत जी शांतता पैसे मोजून घेत होते, ती इथे आजोबांनी हळदीसाठी बांधून ठेवली होती.

आज अकरा वाकळा भिंतींवर टांगल्या. टाळी वाजवून बघितली. उत्तरेच्या कोपऱ्यातून अजून आवाज परत येतो, तिथे दोन वाकळा वाढवायला हव्यात. चित्रपटासाठी मला जी पावलं वाजवायची आहेत, त्यांतली अर्धीअधिक अंगणातली आणि रानातली आहेत. उघड्यावरच्या पावलात खोली ऐकू आली तर बाकी सगळं फुकट.

काम काय आहे ते एकदा नीट लिहून ठेवते. ९२ मिनिटांचा मराठी चित्रपट, गुऱ्हाळावर राबणाऱ्या एका जोडप्याचा. नाव अजून ठरायचं आहे. शूटिंगच्या वेळी घेतलेल्या आवाजात संवाद चांगले आले आहेत. बाकी सगळं जनरेटर आणि इंजिनच्या घरघरीत बुडालं आहे. शिवाय चित्रपट कन्नडमध्येही जाणार आहे. मराठी संवाद काढले की आवाजाच्या त्याच पट्टीवर (ट्रॅकवर) चिकटलेली पावलं, भांडी, लुगड्याची सळसळसुद्धा निघून जाते आणि कन्नड प्रेक्षकासमोर माणसं भुतासारखी बिनआवाजाची फिरतात. म्हणून माणसाच्या अंगातून आणि हातातून निघणारा प्रत्येक आवाज पडद्याकडे बघत पुन्हा करायचा. याला फोली म्हणतात. पाऊस, ट्रॅक्टर, रातकिडे हे माझं खातं नाही, ते पुण्यात होईल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

जमिनी तयार केल्या. लाकडी चौकटीच्या पेट्या करून आणल्या होत्या, प्रत्येकी चार फूट बाय तीन. शहाबादी फरशी, खडी, वाळू, पाचट आणि शेणाने सारवलेली माती. चालून बघितलं, तर सगळी पावलं माडीवरून चालल्यासारखी पोकळ. पेटीखालची हवा ढोलकीसारखी बोलते.

दुपारी भाच्याला घेऊन सरळ खोलीची जमीन खणली आणि पेट्यांचे तळ काढून त्या जमिनीत उतरवल्या. फरशी ओल्या वाळूवर बसवली. आत्या दारात उभी राहून बघत होती. "पेवं खणतीयास व्हय गं हरिपूरवानी?" म्हणाली. बोलली ते खरंच. हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीच्या पोटात ठेवायचे, आम्ही पावलं ठेवतोय. बाहेरच्या देशांतल्या फोली स्टुडिओतही या खड्ड्यांना 'पिट' म्हणजे खड्डाच म्हणतात.

सारवण आत्याने केलं. दोन दिवस वाळू द्यायला हवं.

११ नोव्हेंबर, सोमवार

विधानसभेचा प्रचार चालू आहे. सकाळी सातपासून रिक्षांवरचे भोंगे. दिवसा काम होणं शक्य नाही. आजपासून रात्री अकरा ते पहाटे चार.

रात्रीची वाट बघत बसलो तेव्हा भाच्याने विचारलं, "मावशी, फोली म्हणजे काय? कुठला शब्द?" शब्द नाही, आडनाव आहे. जॅक फोली, जन्म १८९१चा, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत कामाला. १९२७नंतर बोलपटांची लाट आली आणि मुके म्हणून बनलेले चित्रपट घाईघाईने बोलके करायची वेळ आली. तेव्हा पडद्यावर चित्र चालू ठेवून, समोर उभं राहून, ते बघत बघत पावलं आणि वस्तू वाजवायची पद्धत त्याने बसवली. त्या वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांची सोय नव्हती. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. १९६७मध्ये तो गेला. आज यंत्रं सगळी बदलली, पण माणूस पडद्याकडे बघत चालतो हे बदललेलं नाही.

सांगलीच्या पोराला हे नवल वाटायचं कारण नाही, असंही त्याला सांगितलं. १८४३मध्ये विष्णुदास भाव्यांनी याच गावात 'सीतास्वयंवर' उभं केलं. पत्रा हलवून गडगडाट आणि करवंट्या आपटून घोडा ही नाटकवाल्यांची जुनी विद्या. करवंट्या सिनेमातही तशाच चालत आल्या. मी स्वतः एका मालिकेसाठी सत्तर भाग करवंट्यांवर घोडदौड केली आहे. आत कापड कोंबलं की मऊ रस्ता, रिकामी ठेवली की दगडी चौक.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीच्या लग्नाचे फटाके साडेअकरापर्यंत. नंतर सुरुवात केली, पण चित्रपटातल्या मुकादमाच्या वहाणांपुरतीच.

नव्या कोल्हापुरी वहाणा आणल्या होत्या. करकर छान आहे, पण पायात घालून चालले की करकर आणि पाऊल एकत्र येतात आणि दोन्ही गढूळ होतात. म्हणून दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत तेल पाजलेल्या, गप्प वहाणा घालून नुसतं चालले. दुसऱ्या फेरीत नव्या वहाणा हातात धरून, माइकपासून वीतभर अंतरावर, त्याच्या प्रत्येक पावलाला पिळल्या. करकर पाऊल टेकताना होत नाही. टाच उचलून चवडा दुमडतो तेव्हा होते. ही गोष्ट एकदा हाताला कळली की मुकादम जिवंत झाला. तो थांबतो, वजन या पायावरून त्या पायावर घेतो आणि चामडं नुसतं कुरकुरतं. त्या दृश्यात संवाद नाही. त्याचं उधारी मागायला येणं त्या कुरकुरीतच आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

भाच्यासाठी आणि माझ्यासाठीही नियम. चित्र सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम सुमारे ४२ मिलिसेकंद. आवाज चित्राच्या पुढे गेला तर ४५ मिलिसेकंदांतच माणसाला खटकतो. मागे राहिला तर १२५पर्यंत खपून जातो. आपण आयुष्यभर उशिराचेच आवाज ऐकलेले असतात. कृष्णेच्या पलीकडच्या काठावर बाई धुणं आपटते, पिळा दगडावर आधी दिसतो आणि धप मागून येते. शंभर मीटरवरून यायला आवाजाला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात. उलटं, आधी धप आणि मग धुणं, असं निसर्गात कधी होत नाही. म्हणून शंका असेल तिथे पाऊल एक फ्रेम मागे. पुढे कधीच नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संध्याकाळी प्रचार थांबला. इतक्या दिवसांनी गावाचा आवाज ऐकू आला. देवळाची घंटा, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी. आज अकराची वाट न बघता गुऱ्हाळाचं काम उरकलं.

गेल्या आठवड्यात मिरज तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर जाऊन दोन तास ऐकत बसले होते. इंजिन चालू असताना काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, माइक नेण्यात अर्थ नव्हता, पण कान नेता आले. रस सुरुवातीला पातळ उकळतो, त्याचा आवाज पावसासारखा सलग. मळी काढून झाली की तो बदलतो. पाक होत आला की सलगपणा तुटतो आणि बुडबुडे एकेक करून, जडपणाने, फुटतात: फद्... फद्. तिथला गुळव्या तर काहिलीकडे पाठ करून बसला होता आणि आवाजावर उठला. मला तिथेच कळलं की हा आवाज नीट झाला नाही तर या भागात कुणी चित्रपटावर विश्वास ठेवणार नाही.

इथे बादलीत गव्हाच्या पिठाची खळ करून अर्ध्या इंची नळीने फुंकलं. फार स्वच्छ आवाज, साबणाच्या पाण्यासारखा. नाचणीचं पीठ घातलं, बरं झालं. शेवटी खळीत किलोभर गूळ विरघळवला, तेव्हा फुटताना तार सुटल्यासारखा चिकटपणा आला. रेकॉर्डिंग निम्म्या वेगाने वाजवलं की आवाज एक सप्तक खाली उतरतो आणि बादलीची काहील होते.

चुलवाणाच्या जाळाला चिपाडं जाळून पाहिली, क्षणात भडकून संपतात. जाळाची तडतड भडंगाच्या रिकाम्या पुडीतून काढली, बोटांत हळूहळू चुरगाळून. परदेशात यासाठी सेलोफेन वापरतात, आमच्याकडे भडंग संपवावं लागतं. खालची धग म्हणजे माइकपुढे सावकाश हलवलेली जाड वाकळ. दोन्ही एकत्र ऐकताना भाच्याने नकळत हात मागे घेतला.

ऊसतोड लवकर झाली. हाड मोडल्याच्या आवाजासाठी तिकडे सेलरीच्या भाजीचे दांडे पिळतात, मी नेहमी उसाचं कांडं वापरत आले. इथे मात्र उसालाच ऊस पुरेना. ताज्या उसावर कोयता नुसता टक् करतो, आतला रस ऐकू येत नाही. उसाखाली केळीचा सोप ठेवून मारल्यावर तो आला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान, सुट्टी. आज भाकरी.

परातीत की काठवटीत, हा प्रश्न दिग्दर्शिकेने चित्रातच सोडवला आहे: काठवट. माझ्याकडच्या आवाजांच्या साठ्यात 'कणीक मळणे' या नावाखाली बरंच काही आहे, सगळं परदेशी मैद्याचं, टेबलावरचं. ते इथे लावलं तर आमच्या बायका चित्रपटगृहात हसतील. ज्वारीचं पीठ चिकट नसतं. थाप कोरडी असते आणि भाकरी फिरते तसा तिचा स्वर चढत जातो, कारण ती पातळ होत जाते.

हा एकच आवाज असा की खऱ्यासारखं खरं दुसरं काही सापडलं नाही. आत्याला बसवलं. तिने पडद्याकडे बघितलंच नाही, आपल्या लयीत थापत राहिली. म्हणून नटीच्या हाताची लय मी शिकले आणि आत्याच्या शेजारी बसून तिच्याच पिठाने थापलं. अठरा भाकऱ्या झाल्या. पहिल्या भागात हातात हिरव्या बांगड्या आहेत, त्या वेगळ्या फेरीत. उत्तरार्धात नवरा गेल्यावर हात रिकामे दिसतात, तिथे नुसती थाप.

२४ नोव्हेंबर, रविवार

आता जोडप्यातल्या बाईची पावलं. इतके दिवस मुद्दाम मागे ठेवली होती.

साठीची बाई, अनवाणी, पायांत जोडवी. अंगण मातीचं, सोपा (ओसरी) सारवलेला, स्वयंपाकघरात शहाबादी. अंगणात आणि सोप्यात जोडवी वाजत नाहीत, माती चांदीला गिळते. उंबरा ओलांडून ती फरशीवर आली की वाजतात. म्हणजे उंबरा ही आवाजाची वेस आहे.

जोडवी आत्याने दिली. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले त्यानंतर उतरवून तिने डब्यात ठेवली होती. माझ्या पायात घालून चालले. टक्, टक्, टक्. वाईट. माइकला पाऊल आणि चांदी एकाच जागी सापडतात आणि दोन्ही बारीक होतात. स्टीलच्या कड्या घालून पाहिल्या, तर नाणी सांडल्यासारखं. चांदी मऊ असते, तिचा आवाज आखूड आणि किंचित बसका, तो दुसऱ्या धातूतून येत नाही.

मग वहाणांचाच उपाय. पाऊल आधी, बिनजोडव्यांचं. जोडवी नंतर, हाताच्या दोन बोटांत घालून, वर पातळ कापड गुंडाळून, फरशीच्या तुकड्यावर. त्यातही कळलं की जोडवं टाचेबरोबर वाजत नाही. टाच टेकते, वजन पुढे सरकतं आणि दुसरं बोट फरशीला लागतं तेव्हा वाजतं. तरुणपणी हे अंतर तीन-चार फ्रेमचं. दमलेली बाई पूर्ण तळवा एकदम टाकते, तिथे अंतर जवळजवळ मिटतं, आणि पाय ओढला की टक् ऐवजी बारीक खर्र येतो. आता माझ्याकडे तिचं वय आणि तिचा दिवस दोन्ही मोजायला माप आलं. सकाळच्या दृश्यात तीन फ्रेम, रात्रीच्या दृश्यात एक.

आत्या पहाटे पाणी प्यायला उठली, दोन मिनिटं ऐकलं. "तू तरण्या बाईवानी उतरतीयास. म्हातारी उंबऱ्यापाशी आधी चौकटीला हात लावती." चित्र पुन्हा बघितलं. नटी खरोखर हात लावते, कॅमेऱ्याच्या कडेला, अर्धा सेकंद. मी वीस वेळा बघून ते पाहिलं नव्हतं. सागवानी चौकटीवर तळहाताचा कोरडा आवाज घातला. त्यानंतर पाऊल जड करायची गरजच उरली नाही.

२५ नोव्हेंबर, सोमवार

फरशीवरची सगळी दृश्यं एका दमात. जमीन बदलली की माइक हलतो, माइक हलला की आवाजाचा रंग बदलतो, म्हणून दृश्यांचा क्रम सोडून जमिनीच्या क्रमाने काम करायचं असतं. रील, म्हणजे चित्रपटाचे भाग, १, २, ४, ५. पहाटे चारला संपलं. समाधान वाटलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

चूक झाली आहे.

रील ४ लावून तपासत होतो. आत्या भाजी निवडत बसली होती. मधेच म्हणाली, "नवरा गेला न्हवं हिचा? मग जोडवी कशी वाजत्यात?"

जमिनीच्या क्रमाने काम करताना कथेचा क्रम माझ्या हातून सुटला. रील ३ मध्ये नवरा जातो. त्यानंतर स्वयंपाकघरात तिचे चार प्रवेश आहेत, चारही जोडव्यांसकट. बांगड्यांचं मला आठवलं, कारण हात दिसतात. पाय दिसत नाहीत.

काढणं सोपं होतं, जोडव्यांची पट्टी वेगळीच आहे, बंद केली की झालं. बंद करून ऐकलं. चालू करून ऐकलं. रात्री दिग्दर्शिकेला फोन करून जसं झालं तसं सांगितलं आणि दोन्ही पाठवलं.

१ डिसेंबर, रविवार

दिग्दर्शिका स्वतः आली. हळदीच्या खोलीत बसून चारही प्रवेश दोन्ही प्रकारे ऐकले. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ताई, हिने जोडवी उतरवलेलीच नाहीत. मला हे लिहिताना सुचलं नव्हतं."

मला हेरवाड आठवलं. शिरोळ तालुक्यातलं गाव, इथून फार लांब नाही. मे २०२२मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे सगळं नको म्हणून. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. दिग्दर्शिकेलाही ते ठाऊक होतं. ठराव ग्रामसभेत होतो, पण एखादी बाई तो घरातच, कुणाला न सांगता, करत असेल. आमच्या चित्रपटात बांगड्या चारचौघांनी फोडल्या, तेव्हा ती काही बोलली नाही. जोडव्यांना मात्र तिने हात लावू दिला नाही. हे फक्त फरशीला माहीत आहे.

भाच्याने मोठं काम केलं. पूर्ण चित्रपट एकेक फ्रेम करत बघून उत्तरार्धात तिची पावलं कुठे दिसतात ते शोधलं. दोनच ठिकाणी. एकदा चिखलात घोट्यापर्यंत, एकदा लुगड्याच्या काठाआड. जोडवी आहेत की नाहीत ते कुठेही दिसत नाही.

मग ठरवलं: ठेवायची, पण तशीच नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

रील ४ पुन्हा. पूर्वार्धात जोडवी सहज वाजतात, ती कामात असते. नवरा गेल्यावरच्या पहिल्या प्रवेशात एकदाच वाजतात, उंबरा ओलांडून पडलेल्या पहिल्या पावलाला, मग ती तळवा वाकडा करून चालते. घरात सासरची माणसं आहेत. हे नटीने केलेलं नाही, मी केलं आहे, पण तिच्या खांद्याची हालचाल ते सहन करते. दुसऱ्या प्रवेशात दोनदा. चौथ्यात ती घरात एकटी आहे, तिथे प्रत्येक पावलाला, आणि सकाळच्या दृश्यासारखी तीन फ्रेमच्या अंतराने.

एवढा सगळा फरक मी पायाने करू शकले नव्हते, दोन बोटांनी केला. रात्री बोटांची सालं निघाली होती.

लुगड्याची पट्टी आज संपली. जुनं, शंभरदा धुतलेलं इरकल मांडीवर घेऊन ९२ मिनिटं. नव्या कापडाची सळसळ कागदासारखी येते.

९ डिसेंबर, सोमवार. पुणे

मिक्सिंग, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकी सगळे आवाज एकत्र जुळवणं. आमच्या ६४ पट्ट्या लागल्या, एकही सरकली नाही.

शेवटच्या प्रवेशात संगीतकाराने मिरजेचा तानपुरा ठेवला होता, नुसती जोडी आणि खर्ज. सुंदर आहे. पण पहिल्याच जोडव्याचा टक् त्या तारांच्या झंकारात विरघळून गेला. आवाज वाढवून पाहिला तर दागिन्यांच्या जाहिरातीसारखं वाटायला लागलं. मी काही बोलायच्या आधी संगीतकारच म्हणाला, "तानपुरा पाच पावलं उशिरा आणू या." पाच पावलं म्हणजे ८ सेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात खोलीत दुसरं काहीही नाही. चौकटीवर हात, टाच, जोडवं.

११ डिसेंबर, बुधवार. सांगली

खड्डे बुजवले, फरशीचा आणि सारवणाचा सोडून. जानेवारीत एका मालिकेचं काम आहे, त्यातही स्वयंपाकघर आहे.

जोडवी आत्याला परत दिली. एक चेपलं आहे, सोनाराकडून गोल करून आणायचं. रील ४ च्या तिसऱ्या प्रवेशातली दोन पावलं मला अजून अर्धी फ्रेम पुढे वाटतात. पुण्याला तसं कळवलं आहे, गुरुवारपर्यंत फाइल उघडी ठेवतील.